पांढऱ्या मातीची बारी

१० जानेवारी १९२७, सोमवार

पोचलो एकदाचे. नागपूरहून सकाळच्या छोट्या गाडीने सावनेर, आणि तिथून खाप्याच्या पुढे सहा मैल बैलांच्या दमणीत. काल सीताबर्डीवर ही वही घेतली, जाड कागदाची, कापडी पाठीची. शामलेचं म्हणणं असं की आठ दिवसांत मी कंटाळेन आणि मग तिच्यात धोब्याचे कपडे लिहिले जातील. आमच्या मंडळींचा माझ्यावर इतका विश्वास आहे.

नोकरी झकास आहे. मँगनीजच्या खाणीवर ओव्हरसियर. दुर्बीण लावून जमिनीचे चढउतार मोजायचे, रस्ते आखायचे आणि खाणीतून निघणारा टाकाऊ दगड कुठे टाकायचा ते ठरवायचं. अमरावतीला पाच वर्षं दुसऱ्यांच्या मागे मोजपट्टी धरून उभा राहिलो. इथे मी, वामनराव हिवरकर, म्हणजे साहेबाच्या खालोखालचा माणूस. घर कंपनीचं, नवंकोरं. तीन खोल्या, पडवी, परसात विहीर. खालची जमीन मातीची आहे, पण शामला म्हणते सारवली की उन्हाळ्यात बरी. मागे शंभरेक पावलांवर एक बुटकी टेकडी आहे. सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा, आणि ही एकटीच माथ्यावर पांढरीफेक.

शामलेला सहावा महिना चालू आहे. दमणीच्या प्रत्येक धक्क्याला माझा जीव वरखाली होत होता, ती मात्र चिवडा खात बसली होती. मार्चअखेर तिला नागपूरला इंदुताईंकडे, म्हणजे तिच्या मावशीकडे पोचवायचं आहे. आधीची दोन राहिली नाहीत. हे तिसरं राहिलंच पाहिजे. दुसरं काही मागणं नाही माझं.

११ जानेवारी, मंगळवार

धुण्याभांड्याला गावातली एक बाई मिळाली, भागीरथा नावाची. पन्नाशीची, तोंडाने सडेतोड. दुपारी तिच्यामुळे एक गंमत कळली. एक बाई रिकामं टोपलं घेऊन पांढऱ्या टेकडीवर चढली. वर एक भोक आहे, चांगलं विहिरीच्या तोंडाएवढं. त्यातून तिने पांढरी माती टोपलंभर काढली, डोक्यावर घेतली आणि मैलभर चालत जाऊन कन्हान नदीत ओतून आली. घर पोतारायला नव्हे, विकायला नव्हे. नदीत.

भागीरथेला विचारलं तर म्हणाली, ही बारी आहे. गावातल्या चाळीस घरांनी आळीपाळीने दर मंगळवारी एक टोपलं काढून नदीत टाकायचं. लग्न असो, मयत असो, बारी चुकवायची नाही. काहून, असं तिच्याच बोलीत विचारलं, तर हसली नाही. "आमची सासू करे, तिची सासू करे. ते वर येते बाबूजी, म्हणून काढा लागते."

माती वर येते म्हणे. मी शामलेला म्हटलं, हिला माझी दुर्बीण द्यावी आणि मी भांडी घासावी.

१९ जानेवारी, बुधवार

एवढ्यात भागीरथेला हसायला नको होतं, असं आज वाटलं. कंपनीने टेकडीजवळ भोक पाडून नमुने काढले होते, ते पाहिले. वर वीस हात काळा पाषाण, जड, घट्ट. खाली पांढरी चिकणमाती, तिचा तळ लागलेला नाही. माती हलकी, वरचा दगड जड. अशी हलकी चीज वरच्या ओझ्याखाली सापडली की कुठेतरी पातळ जागा शोधून दगड फोडत वर चढते, असं मी पुस्तकात वाचलेलं आहे. टेकडी म्हणजे त्या मातीनेच वर ढकललेला फुगा असणार. लाखो वर्षांचं काम.

शामलेला हे मोठ्या थाटात समजावून सांगायला बसलो, तर तिने पोळी लाटतालाटता सांगितलं की यात नवल काय, पुरणपोळीवर लाटणं जोरात पडलं की पुरण पातळ जागेतून फुटून येतंच. दहा मिनिटांचं व्याख्यान एका पोळीत संपलं.

पण लाखो वर्षं कुठे आणि टोपलंभर माती कुठे. परवा खाणीच्या गाडीच्या बैलाचा पाय त्या भोकात जाऊन मोडला. मी साहेबाला लेखी सुचवलं आहे की भोक दगडचुन्याने बुजवावं आणि टाकाऊ दगडाचा ढिगारा टेकडीच्या सभोवार कड्यासारखा घालावा. गाड्यांचा फेरा निम्म्याने वाचेल. साहेब खूष. म्हणाला, इतके दिवस हे कोणाला कसं सुचलं नाही.

२ फेब्रुवारी, बुधवार

भोक बुजवलं. आठ हात दगड, वर चुना. रुपराव नावाचा मुकादम आहे, मजुरांची टोळी त्याच्या हाताखाली. काम सुरू करताना त्याने पागोटं काढून मला विनवलं की बारीपुरती एक फट ठेवा. मी म्हटलं, फट ठेवली की पुन्हा बैलाचा पाय. चुन्याला त्याने हात लावला नाही, शेवटचा थर मी स्वतः थापला. ढिगाऱ्याचं कडंही निम्मं झालं आहे. काल जिची बारी होती ती बाई रिकामं टोपलं घेऊन बराच वेळ उभी होती. मग परत गेली.

घरात वेगळीच भानगड. शामलेच्या उशीखाली पांढऱ्या मातीची ढेकळं सापडली, दातांच्या खुणा असलेली. डोहाळे म्हणे. तिला ती माती भाजलेल्या रव्यासारखी लागते. आणून देते कोण, तर भिंत पोतारायला भागीरथेने टोपलं भरून ठेवलं होतं त्यातून ही चोरून खाते. मी खूप चिडवलं. दोन जिवांची बाई, खाईना का चिमूटभर.

१४ फेब्रुवारी, सोमवार

विहिरीला पाणी वाढलं आहे. आलो तेव्हा दोर अठ्ठावीस हात सोडावा लागे, आज एकवीस हातांवर बादली टेकली. सगळ्या गावाच्या विहिरी उतरत चालल्या आणि आमची चढते आहे. पाणी थोडं दुधट दिसतं. शामला म्हणते आमचा पायगुण. भागीरथा आमच्या विहिरीचं पाणी पीत नाही, घरून लोटी आणते.

२२ फेब्रुवारी, मंगळवार

दुर्बीण बिघडली असावी. खुणेच्या दगडापासून मोजत निघालं आणि फिरून तिथेच आलं की आकडा जुळलाच पाहिजे. जुळतो. पण आमच्या घराचा उंबरठा जानेवारीत मोजला होता, त्यापेक्षा आज चार बोटं उंच भरला. तीनदा मोजला. तिन्हीदा चार बोटं.

विहीर बारा हातांवर आली. पण ते पाणी नव्हे. मी काठी टाकून पाहिली. वर हातभर पाणी, आणि खाली पांढरं, मऊ. पाणी चढत नव्हतं, तळच वर येत होता.

मला समजलं आहे. मीच सभोवार ओझं घातलं आणि मीच वरची वाट बंद केली. मातीला दुसरी पातळ जागा हवी होती. विहिरीपेक्षा पातळ जागा कुठली?

उद्या साहेबाला सांगतो. आधी वाटतं सांगू नये, माझंच नाव खराब होईल. पण सांगतो.

१ मार्च, मंगळवार

साहेबाने हसून ऐकून घेतलं. ढिगारा हलवायला तीन महिने लागतील, म्हणाला, आणि तुमच्याच सहीचा कागद माझ्या टेबलावर आहे.

मधल्या खोलीत शामलेच्या बाजेखाली जमीन फुगली आहे. परातीएवढी. सारवणाला भेग नाही, नुसता उंचवटा, भाकरी फुगावी तसा. बाज पडवीत हलवली. शामलेला काही सांगितलं नाही. तिच्या पायांना सूज आहे, बोट टेकलं की खळगा पडतो आणि हळूहळू भरतो. खाप्याच्या डॉक्टरांना आणून दाखवलं. ते म्हणाले या दिवसांत बायकांना होतं, घाबरू नका, मीठ कमी करा.

३ मार्च, गुरुवार

मधल्या खोलीतली जमीन बसली. पडवीत फुगली. बाजेखालीच.

बाज स्वैपाकघराशी नेली. संध्याकाळी तिथे.

विहिरीपाशी आता काही नाही, तिथला तळ थांबला आहे. म्हणजे तिला पातळ जागा नको आहे. तिला शामला हवी आहे.

५ मार्च, शनिवार

आज शामलेने अंगण सारवलं, नको म्हणत असताना. ओल्या सारवणावरून ती चालत आत आली आणि मागे पावलं उमटली. मी सहज पाहिलं. पावलं खोल उमटायला हवीत. ही वर आलेली होती. टाच, तळवा, पाच बोटं, सगळं बोटभर उंच, खालून कोणी तळवा लावून दाबावं तसं. मी तिला म्हटलं, उभी राहा, हलू नकोस. ती उभी राहिली. तिच्या तळव्याखाली सारवण हललं. मी पाहिलं. खालून तिच्या पायाला पाय लागत होता.

तिला विचारलं काही जाणवतं का. म्हणाली, बरं वाटतं, ऊन ऊन लागतं तळव्याला.

भागीरथेला परसात गाठलं आणि हात जोडले. मी, हात जोडले. तिने ठाऊक होतं तेवढं सांगितलं. खाली कोण आहे ते गावात कोणालाच ठाऊक नाही. एवढंच ठाऊक की त्याला रूप नाही आणि रूप हवं आहे. ते दोन जिवांच्या बाईकडे ओढ घेतं, कारण तिथे रूप घडत असतं. म्हणून पोटुशी बाई टेकडीकडे जात नाही, तिच्या घरात ती माती नेत नाहीत. "आमी त्याले दर मंगळवारी टोपलंभर कमी करत रायलो बाबूजी. संपत नाही ते. पण कमी झालं की वर यायचा जोर रायत नाही."

मी विचारलं, मग माझ्या घरात माती का आणली. तिने पदर तोंडाला लावला. शामलेला दिवस गेलेत हे तेव्हा तिला कोणी सांगितलंच नव्हतं, अंगावरच्या जाड लुगड्यात दिसत नव्हतं. नजर लागू नये म्हणून मीच शामलेला बजावलं होतं की या वेळी कोणापाशी बोलायचं नाही. आधीच्या दोन वेळी गावभर सांगितलं होतं.

माझंच. सगळं माझंच केलेलं आहे.

६ मार्च, रविवार

नागपूरला न्यायला दमणी सांगितली. दाराशी आली आणि शामलेच्या पोटात कळा सुरू झाल्या, थोडं रक्त गेलं. खाप्याचे डॉक्टर पुन्हा आले. आठ दिवस बाजेवरून उठवायचं नाही. दमणीत घातलं तर मूल वाटेतच जाईल, असं स्पष्ट म्हणाले.

न्यावं तर मूल जातं. ठेवावं तर—

बाजेचे पाय चार विटांवर चढवले. उंचवटा दोन विटा चढला आहे.

८ मार्च, मंगळवार

एकच मार्ग. भोक उघडायचं. जुनी वाट मोकळी झाली की ते तिकडे वळेल. साहेब नाही म्हणाला, कामावरून काढीन म्हणाला. काढ.

रुपरावाच्या घरी गेलो. तो रागावेल वाटलं होतं. त्याने फक्त विचारलं, बाई कशी आहे, आणि भिंतीवरची पहार काढली. म्हणाला, "चला. आज मंगळवारच आहे, बारी माह्याच घरची आहे."

भागीरथेला शामलेपाशी बसवून जातो आहे. तिला शपथ घातली आहे की क्षणभर हलायचं नाही. शामला झोपेत हसते आहे.

८ मार्च, संध्याकाळ

उघडलं. दिवसभर दोघे फोडत होतो, हातांची सालटी गेली. शेवटचा दगड निघाला आणि खाली माती नव्हती. पोकळी. दगड टाकला, आवाज आला नाही. रुपराव पहारीवर टेकून बसला आणि म्हणाला, इथं नाही ते. गेलं.

धावत आलो. भागीरथा नदीवरून घागर घेऊन येत होती. शामलेला तहान लागली, विहिरीचं पाणी नको म्हणाली, म्हणून ही गेली. तासाभरापुरती.

आत गेलो तर शामला चुलीपाशी उभी होती. उठून. चांगली. जमीन सपाट. तिन्ही खोल्यांत कुठे बोटभर उंचवटा नाही. पायांची सूज उतरलेली. मी तिला जवळ घेऊन रडलो, लाज वाटली नाही. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

९ मार्च, बुधवार

उंबरठा मोजला. जानेवारीचाच आकडा. वर आलेलं सगळं उतरलं. देवा, तुझे उपकार.

शामला आज माझ्या नोकरीबद्दल, मावशीबद्दल काही बोलली नाही. चिडवलं, तर माझ्याकडे बघत राहिली. थकली असेल. भागीरथा दारातून परत गेली, आत आली नाही. मी बोलावलं, तर मान हलवून रडत गेली.

१० मार्च, गुरुवार

मातीचं टोपलं तसंच भरलेलं आहे. डोहाळे संपले म्हणते.

दुपारी ती पायरीवरून घसरली. मी मनगट धरलं, घट्ट. सोडलं तेव्हा चार बोटांचे खळगे होते. सुजेचे, असं म्हणून पाहत राहिलो, भरतील म्हणून. भरले नाहीत. तिने दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने ते सारखे केले. भिंत पोतारताना करतात तसे. करून झाल्यावर माझ्याकडे बघून हसली.

उतरलं नव्हतं. वर येऊन झालं होतं.

आणि हे वर आलं त्या जागी खाली काय गेलं

११ मार्च

मधल्या खोलीत, बाजेच्या जागी, कान लावून पडलो आहे सकाळपासून. ती येऊन ताट ठेवून जाते. जेवत नाही मी.

थाप येते. तीन. थांबते. पुन्हा तीन.

जिवंत आहे.

रुपरावाला बोलवायला गेलो. तो यायला निघाला, दारात ती उभी दिसली आणि तो मागच्या मागे— दोष देत नाही. त्याची पहार टाकून गेला, ती घेतली.

१२ मार्च

उजाडल्यापासून खणतो आहे. ती उंबऱ्यात बसून बघते. अडवत नाही.

एक हात. पांढरी. मऊ. कोमट.

थापा दोन जागी येतात. एक मोठी. एक अगदी लहान.

दोन हात. दम टिकत नाही. कोणाला हाक मारू? लिहितो, म्हणजे कोणी आलं तर खणणं थांबवू नये. इथे खाली माझी बायको आहे. मूल आहे. खणा.

ती उठून आली. विचारलं, खालची वर आली तर मी कुठे जाऊ. शामलेचाच आवाज. रडवेला. माझा हात धरून पोटावर ठेवला. आतून लाथ बसली.

नाही. नाही. ते मातीचं— पण लाथ बसली, खरी बसली, मी बाप आहे, मला कळतं— मला काही कळत नाही—

अडीच हात. बोटं. खाली बोटं लागली. गरम. माझी बोटं धरली. सोडत नाही. डाव्या हाताने धरून आहे. वही काठावर. अक्षर कसंही—

खालून आलं. अहो.

मागून आलं. अहो.

एकदम. एकाच सुरात.

मी ओ दिली. आणि खालची बोटं सैल पडली. तिला वाटलं मी मागच्या— नाही गं शामले, तुला दिली, तुलाच, धर, तू